नगरभवनावरील निशाण

सरकारी इमारतीवर कोणाचें निशाण असावें, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. काठी, कापड आणि दोरी, एवढ्याच सामग्रीचा हा तंटा. परंतु जबलपूरच्या नगरभवनाचा वृत्तान्त ज्यानें वाचला असेल, तो त्यास क्षुल्लक म्हणणार नाहीं. १९२३ सालच्या मार्चांत त्या इमारतीवर काँग्रेसचें चरखांकित निशाण चढविण्यांत आलें. इमारत नगरपालिकेची, नगरपालिका लोकांची; तेव्हां छपरावर काय फडकावें हें लोकांनींच ठरवावें, असा एक पक्ष. सार्वजनिक इमारतीवर असलें निशाण चालणार नाहीं, ही सरकारची आज्ञा. ती ऐकावयास निःपक्षपाती खरी. मात्र युनियन जॅक हें कोणाचें चिन्ह, हा प्रश्न सरकारास कधीं पडला नाहीं!

तेथील ठिणगी नागपुरास पोंचली. तेथें वाद इमारतीचा नसून रस्त्याचा झाला: सिव्हिल लाइन्समधून निशाण नेण्यास मनाई. मे महिन्यापासून स्वयंसेवकांच्या तुकड्या निघत व पकडल्या जात. जमनालाल बजाज तुरुंगांत गेल्यावर सूत्रें वल्लभभाई पटेलांनीं घेतलीं. पंधराशेंहून अधिक माणसें पकडलीं गेलीं, आणि १८ ऑगस्टला मिरवणूक निशाणासह त्याच मार्गानें गेली.

येथवरची कथा सांगावयास आम्हांस आवडते. पुढील प्रकरण आम्ही घाईनें उरकतों. १९३७ सालीं अनेक प्रांतांत काँग्रेसचीं मंत्रिमंडळें आलीं, आणि तेंच निशाण सार्वजनिक इमारतींवर चढूं लागलें. मुस्लिम लीगनें तक्रार केली. १९३८ च्या पीरपूर अहवालांत ती नोंदलेली आहे. त्या अहवालांत अतिशयोक्ति पुष्कळ, हें मी विद्यार्थ्यांस नेहमी सांगतों. तरी या एका मुद्यापुरता मला तो बाजूस सारतां येत नाहीं. जबलपुरास जें बंडाचें चिन्ह होतें, तें आतां सत्ताधाऱ्यांचें झालें होतें. हें पक्षाचें नव्हे, राष्ट्राचें निशाण, हें काँग्रेसचें उत्तर मनापासूनचें होतें. पण युनियन जॅक उभारणारेही आपलें निशाण साऱ्या प्रजेचें आहे, असेंच मानीत.

२२ जुलै १९४७ रोजीं घटना-समितीनें राष्ट्रध्वज ठरविला, तेव्हां चरख्याच्या जागीं अशोकचक्र आलें. नेहरूंनीं कारण दिलें तें चित्रकाराचें: चरखा दोन्ही बाजूंनीं सारखा दिसत नाहीं. कारण खरें आहे. परंतु माझ्या मतें त्या दिवशीं याहून मोठें काम साधलें; राज्याचें निशाण पक्षाच्या निशाणाहून निराळें झालें, आणि नगरभवनाखालून जाणाऱ्या विरोधकासही मान वर करून पाहतां येऊं लागलें. चरखा गेला, हें गांधीजींस मात्र आरंभीं मुळींच रुचलें नव्हतें.