कपाटात ठेवता येणारा सिनेमा

२९ सप्टेंबर २०२३ रोजी नेटफ्लिक्सने आपली शेवटची डीव्हीडी टपालाने पाठवली. सिनेमा होता कोएन बंधूंचा 'ट्रू ग्रिट'. पंचवीस वर्षांत या कंपनीने पाच अब्जांहून जास्त डिस्क लाल पाकिटांत घालून अमेरिकेतल्या घराघरांत पोचवल्या होत्या. आपल्याकडे नेटफ्लिक्स आलं ते २०१६ साली, थेट ॲपच्या रूपात. त्यामुळे ही मंडळी मुळात डीव्हीडी भाड्याने देणारी, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या सीडी लायब्ररीवाल्याची दूरची भावकी, हे सांगूनही अनेकांना खरं वाटत नाही.

गंमत अशी, की हा धंदा आवरता घेतला जात होता त्याच काळात नेटफ्लिक्सचे काही सिनेमे उलट्या दिशेने निघाले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये आल्फोन्सो क्वारोनचा 'रोमा' ब्लू-रे डिस्कवर आला. तो काढला क्रायटेरियन कलेक्शन या अमेरिकी कंपनीने. त्याच वर्षी नोआ बाउमबाखचा 'मॅरेज स्टोरी' आणि मार्टिन स्कॉर्सेसीचा 'द आयरिशमन' आले. पुढे 'बीस्ट्स ऑफ नो नेशन', 'ओक्जा', 'द पॉवर ऑफ द डॉग', गियेर्मो देल तोरोचा 'पिनोकिओ' अशी रांग लागली. महिन्याच्या वर्गणीत जे घरबसल्या दिसतं, ते लोक वेगळे पैसे मोजून डब्यात का विकत घेत होते? आणि स्ट्रीमिंग कंपनी ते विकू का देत होती?

पाकिटात मावणारा धंदा

१९९७ साली रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ यांनी कॅलिफोर्नियात नेटफ्लिक्स सुरू केलं. व्हिडिओ कॅसेट टपालाने पाठवणं महाग पडायचं, कारण ती जाड आणि जड. त्याच वर्षी अमेरिकेत डीव्हीडी आली. पातळ, हलकी, साध्या पाकिटात जाणारी. एप्रिल १९९८ मध्ये वेबसाइट सुरू झाली तेव्हा कंपनीकडे नऊशेच्या आसपास सिनेमे होते. पुढे हा आकडा लाखाच्या घरात गेला.

एवढे सिनेमे कुठून आले, याचं उत्तर कायद्यात आहे. अमेरिकी कॉपीराइट कायद्यानुसार पुस्तक किंवा डिस्क एकदा विकली गेली, की त्या प्रतीवरचा विक्रेत्याचा ताबा संपतो. घेणारा ती वाचेल, उसनी देईल, विकेल. सिनेमाची डिस्क तो भाड्यानेही देऊ शकतो. त्यामुळे नेटफ्लिक्सला स्टुडिओच्या दारात हात जोडून उभं राहायची गरज नव्हती. बाजारातून डिस्क विकत घ्यायची आणि भाड्याने द्यायची, एवढाच मामला. जुना जपानी सिनेमा असो की विस्मरणात गेलेला एखादा माहितीपट, डिस्क निघालेली असली म्हणजे झालं.

२००७ साली स्ट्रीमिंग सुरू झालं आणि हा पाया बदलला. इंटरनेटवरून सिनेमा दाखवताना प्रत विकली जातच नाही. प्रत्येक सिनेमासाठी मालकाशी करार करावा लागतो. त्याला मुदत असते, देशांच्या सीमा असतात, आणि मुदत संपली की सिनेमा जातो. 'गेल्या महिन्यात तर होता की!' असं आपण म्हणतो, त्यामागे हा करार असतो. म्हणजे तंत्रज्ञान पुढे गेलं तरी निवड आकसली. यावर उपाय म्हणून कंपन्यांनी स्वतःचेच सिनेमे काढायला घेतले. ते तरी कायम राहतील असं वाटलं होतं. पण मे २०२३ मध्ये डिस्नेने आपल्या ॲपवर आणलेला 'क्रेटर' हा नवाकोरा सिनेमा सुमारे सात आठवड्यांत तिथून काढून टाकला. त्याची डिस्क निघालेली नव्हती. हिशेबाच्या वहीत सोयीचं असलं, तर मालक स्वतःचं मूलही दारातून बाहेर काढतो, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

डबा, टीप आणि आवाज

क्रायटेरियनची गोष्ट याच्याही आधी, १९८४ साली सुरू होते. तेव्हा लेझरडिस्क नावाची प्रकरणं होती. ग्रामोफोनच्या तबकडीएवढ्या, चकाकणाऱ्या, महागड्या. क्रायटेरियनने त्यावर आधी 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग' काढले. 'किंग काँग'च्या डिस्कवर एक जास्तीचा ध्वनिपट्टा रिकामा होता. त्यावर रोनाल्ड हेवर या चित्रपट-अभ्यासकाचा आवाज घातला गेला. सिनेमा चालू असताना तो प्रत्येक दृश्य कसं घडलं ते सांगत जातो. आज ज्याला आपण 'कॉमेंट्री ट्रॅक' म्हणतो, त्याचा जन्म हा असा झाला. टीव्हीच्या चौकोनात बसवण्यासाठी रुंद सिनेमाच्या कडा कापायच्या नाहीत, पट्ट्या दिसल्या तरी चालतील पण पूर्ण चौकट दाखवायची, हा हट्टही क्रायटेरियनने लवकर धरला.

सोबत निबंधांची पुस्तिका, दिग्दर्शकाच्या मुलाखती, नव्याने साफ केलेली प्रत. ज्यांना फिल्म स्कूलमध्ये जाणं शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी हे डबेच शाळा झाले. सत्यजित राय यांची अपू-त्रयी याच घरातून २०१५ साली ब्लू-रेवर आली, आणि तिची कथा मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९९३ साली लंडनमधल्या प्रयोगशाळेला आग लागली आणि त्यात या सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. कामाच्या नाहीत असं वाटूनही कुणीतरी ते जळके तुकडे फेकले नाहीत. ते अमेरिकेतल्या ऑस्कर अकादमीच्या संग्रहात पडून राहिले. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेने ते हाताने सांधले. 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हवरून परत मिळाला. उरलेला भाग आणि 'अपूर संसार' जगभरच्या संग्रहांतल्या इतर प्रतींवरून भरून काढला. वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या कपाटांत प्रती होत्या, म्हणून अपू वाचला.

आपल्याकडे हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या मूळ निगेटिव्ह त्यात गेल्या. 'संत तुकाराम' आज आपण पाहू शकतो तो त्याच्या इतर प्रती होत्या म्हणून. 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत शिल्लक नाही.

'रोमा' डिस्कवर का आला?

२०१७ साली कान महोत्सवात नेटफ्लिक्सचे 'ओक्जा' आणि 'द मायरोविट्झ स्टोरीज' स्पर्धेत होते. 'ओक्जा'च्या पत्रकारांसाठीच्या खेळात पडद्यावर नेटफ्लिक्सचं नाव झळकताच हुर्यो उडाली. फ्रान्समध्ये तेव्हा सिनेमा थिएटरात लागल्यापासून वर्गणीच्या ॲपवर यायला ३६ महिने थांबावं लागे. पुढच्या वर्षी कानने नियम केला, की स्पर्धेतला सिनेमा फ्रान्समध्ये थिएटरात लागलाच पाहिजे. नेटफ्लिक्सने माघार घेतली. 'रोमा' व्हेनिसला गेला, तिथे सुवर्णसिंह जिंकला आणि २०१९ साली तीन ऑस्कर घेऊन आला.

क्वारोनने तो मोठ्या पडद्यासाठी केला होता. कृष्णधवल, बारीक राखाडी छटांचा, चारी बाजूंनी येणाऱ्या आवाजांचा. सुरुवातीलाच फरशीवर पाणी ओतलं जातं आणि त्या पाण्यात आकाशातून जाणारं विमान दिसतं. फोनवर हे विमान अनेकांच्या नजरेतून निसटलं असणार. बहुतेक जगाने मात्र हा सिनेमा घरीच पाहिला, कारण थिएटरांतलं प्रदर्शन मोजकं होतं.

डिस्कवर काढण्यात नेटफ्लिक्सला मोठा पैसा मिळणार नव्हता हे उघड आहे. माझ्या मते मिळणार होती ती पत. क्वारोन, स्कॉर्सेसी, जेन कॅम्पियन यांच्यासारख्यांना आपल्या दारात आणायचं, तर 'तुमचा सिनेमा आमच्या ॲपच्या ढिगात हरवणार नाही' अशी काहीतरी खूण द्यावी लागते. क्रायटेरियनचा डबा ही ती खूण होती. ॲमेझॉननेही 'वन नाइट इन मायामी' आणि 'साउंड ऑफ मेटल' त्याच वाटेने पाठवले. कलात्मक सिनेमांसाठी ओळखलं जाणारं मुबी तर २००७ साली ऑनलाइनच जन्मलेलं. एका दिवशी एक सिनेमा येणार आणि तीस दिवसांनी जाणार, ही त्याची जुनी रीत. आज तेच मुबी 'द सबस्टन्स'सारख्या सिनेमाच्या डिस्क स्वतःच्या नावाने काढतं.

क्रायटेरियनला स्वतःलाही स्ट्रीमिंगचा चटका बसला होता. त्यांचे सिनेमे फिल्मस्ट्रक नावाच्या सेवेवर होते. मोठ्या कंपनीच्या एका निर्णयाने ती सेवा नोव्हेंबर २०१८ मध्ये, जेमतेम दोन वर्षांत, बंद पडली. एप्रिल २०१९ मध्ये क्रायटेरियनने स्वतःचं चॅनेल काढेपर्यंत तिथला प्रेक्षक उघड्यावर होता. ज्यांच्याकडे डबे होते, त्यांना या गोंधळाने काही फरक पडला नाही.

शिष्याचं काय?

आता घराजवळ येऊ. 'रोमा' घडत असताना क्वारोनच्या सेटवर एक मराठी तरुण होता, चैतन्य ताम्हाणे. 'कोर्ट'नंतर रोलेक्सच्या गुरू-शिष्य उपक्रमात क्वारोनने त्याला शिष्य म्हणून निवडलं होतं. पुढे ताम्हाणेने 'द डिसायपल' केला आणि क्वारोन त्याचा कार्यकारी निर्माता झाला. २०२० साली तो व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत गेला. 'मॉन्सून वेडिंग'नंतर तिथे पोचलेला हा पहिला भारतीय सिनेमा. उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार घेऊन तो परतला आणि ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला.

हा सिनेमाच मुळी साठवणुकीबद्दल आहे. शरद नेरुळकर हा शास्त्रीय गायनाचा विद्यार्थी रात्री मोटरसायकलवरून जाताना कानात माईंची व्याख्यानं ऐकतो. माईंनी कधी रेकॉर्डिंग करू दिलं नाही. टिकली ती एवढी टेपवरची बोलणी. पोटासाठी शरद जुन्या दुर्मीळ मैफली सीडीवर आणून विकणाऱ्याकडे काम करतो. माईंचा आवाज दिला होता सुमित्रा भावे यांनी. सिनेमा नेटफ्लिक्सवर येण्याच्या अकरा दिवस आधी, १९ एप्रिलला, त्या गेल्या.

गुरूचा 'रोमा' डब्यात गेला. क्रायटेरियनच्या यादीत शिष्याचा 'डिसायपल' नाही. टेप आणि सीडी यांच्या भरवशावर जगणाऱ्या माणसांवरचा सिनेमा एका ॲपच्या भरवशावर आहे, यातली विसंगती ताम्हाणेच्या एखाद्या पात्रालाही हसू आणेल.

डिस्कची दुसरी बाजू

डिस्क म्हणजे अमरपट्टा, असंही नाही. जुन्या लेझरडिस्क आतून गंजून निकामी झालेल्या आहेत. प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या एकेक करून हात काढून घेत आहेत. आणि आपल्यासाठी आणखी एक कुंपण आहे. ब्लू-रेच्या जगात देशांचे तीन विभाग पाडलेत. अमेरिका 'ए'मध्ये, भारत 'सी'मध्ये. क्रायटेरियनची अमेरिकी ब्लू-रे आपल्या साध्या प्लेअरवर लागत नाही. फोर-के डिस्कला हे बंधन नाही, पण तिचा प्लेअर आणि टीव्ही किती घरांत असणार?

फोनवर पाहणाऱ्याला कमी लेखण्याचंही कारण नाही. २०१९ साली नेटफ्लिक्सने भारतात केवळ मोबाइलसाठी १९९ रुपयांची योजना काढली, आणि अशा स्वस्त योजनांमुळेच तालुक्याच्या गावातल्या मुलीपर्यंत 'रोमा' पोचू शकला. कुठल्याही डब्याला ते जमलं नसतं. फक्त काय मिळतंय ते माहीत असावं. त्या योजनेतलं चित्र ४८० पी, म्हणजे साधारण जुन्या डीव्हीडीइतकं. फोर-के स्ट्रीमिंगसाठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग सुचवतं. फोर-के डिस्क सेकंदाला शंभराहून जास्त मेगाबिट देऊ शकते. 'रोमा'तल्या करड्या छटा या फरकात विरघळतात.

स्ट्रीमिंग सिनेमा पोचवतं आणि डिस्क तो ठेवून देते. दोन कामं वेगळी आहेत आणि दोन्ही लागतात. मराठीपुरतं बोलायचं तर मागणी फार मोठी नाही. निर्माता ॲपला हक्क विकतो तेव्हा डिस्कचे हक्क करारात वेगळे राखून ठेवावेत. एक उत्तम प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जावी. आणि पाचशे का होईना, डिस्क निघाव्यात, पुस्तिकेसकट, ज्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आणि फिल्म सोसायट्यांच्या कपाटांत जातील. खर्च येईल, नफा बहुधा होणार नाही. पण पाचशे कपाटांना एकाच वेळी आग लागत नाही, आणि कुठल्याही कंपनीच्या एका बैठकीत ती पाचशे कपाटं रिकामी करण्याचा ठराव होऊ शकत नाही.