डिफरन्शियल तेल

डिफरन्शियल तेल हे मोटारवाहनाच्या आसावरील डिफरन्शियल या दंतचक्र-यंत्रणेचे वंगण होय. बोलीभाषेत त्यास ‘गिअर ऑइल’, ‘हाउसिंगचे ऑइल’ किंवा ‘नव्वद नंबर’ असे म्हणतात. पिकअप, टेम्पो, जीप इत्यादी वाहनांत ते मागील आसाच्या मध्यभागी असलेल्या फुगीर लोखंडी कवचात (हाउसिंग) असते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनांत पुढील आसावरही स्वतंत्र डिफरन्शियल असते. पिकअपमध्ये या तेलाचे प्रमाण साधारणतः एक ते तीन लिटर असते. इंजिन तेलाप्रमाणे ते वारंवार तपासले जात नाही, म्हणून त्यातील बिघाड पुष्कळदा उशिरा लक्षात येतो.

यंत्रणा

वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. बैलगाडीची दोन्ही चाके स्थिर आसावर स्वतंत्रपणे फिरतात, त्यामुळे तेथे ही अडचण येत नाही. एकाच इंजिनाने दोन्ही चाके फिरवायची झाल्यास मात्र त्यांच्या गतीत फरक पडू देणारी योजना लागते. फ्रेंच यंत्रज्ञ ओनेसिफोर पेकर याने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी अशी योजना केली.

इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकास ‘पिनियन’ हे लहान दंतचक्र असते. ते ‘क्राउन’ या मोठ्या दंतचक्रास फिरवते. क्राउनचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो आणि फिरताना तो तेल उडवून इतर भागांपर्यंत पोहोचवतो. पातळी खाली गेली की पिनियनच्या बेअरिंगला तेल अपुरे पडते. बहुतेक पिकअपमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यरेषेखाली बसवलेला असतो. या ‘हायपॉइड’ रचनेत दात एकमेकांवर घसरत फिरतात व त्यांच्यावर मोठा दाब येतो.

प्रतवारी

हा दाब सोसण्यासाठी तेलात गंधक व स्फुरदयुक्त द्रव्ये मिसळतात. त्याचा उग्र वास त्यांमुळेच येतो. हायपॉइड डिफरन्शियलसाठी सामान्यतः एपीआय जीएल-५ प्रतीचे ८०डब्ल्यू-९० अथवा ८५डब्ल्यू-१४० तेल वापरले जाते. योग्य क्रमांक वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. गिअर तेल व इंजिन तेल यांच्या क्रमांकांची मापनश्रेणी वेगळी आहे; त्यामुळे ‘नव्वद’ म्हणजे ‘चाळीस’च्या दुपटीहून दाट असा अर्थ होत नाही. जीएल-५ तेल पितळी सिंक्रोनायझर असलेल्या गिअरबॉक्समध्ये उत्पादकाच्या शिफारशीवाचून घालू नये, कारण त्यातील द्रव्यांमुळे पितळेस हानी पोहोचू शकते.

मराठवाड्यातील वापर

लातूर जिल्ह्यातील रेणापूर तालुका बालाघाटच्या पठारावर आहे. सोयाबीन, तूर व ऊस ही येथील प्रमुख पिके असून शेतमाल लातूरच्या बाजारपेठेत नेण्यासाठी पिकअपचा मोठा वापर होतो. काळ्या जमिनीतील चिखल, धूळ आणि वाढीव ओझे यांमुळे अशा वाहनांच्या डिफरन्शियलवर अधिक ताण येतो.

पावसाळ्यातील ओढे हे तेल बिघडण्याचे विशेष कारण आहे. दूर चालून आलेल्या गाडीचे हाउसिंग तापलेले असते. ते थंड पाण्यात बुडताच आतील हवा आकुंचन पावते आणि श्वासनळीतून (ब्रीदर) किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. पाणी मिसळलेले तेल ताकासारखे पांढरट दिसते आणि दात व बेअरिंग गंजू लागतात. माहितीपुस्तिकेतील किलोमीटरची मुदत सर्वसाधारण वापरासाठी असते. आस बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी गेली असल्यास मुदतीची वाट न पाहता तेल तपासणे आवश्यक असते.

घरी तेल बदलण्याची रीत

१. गाडी काही किलोमीटर चालवून तेल कोमट केले जाते, म्हणजे ते पातळ होऊन गाळासह बाहेर येते.

२. गाडी सपाट व टणक जागी उभी करून, हातब्रेक लावून चाकांना उटी दिली जाते. पिकअपची उंची पुरेशी असल्यास जॅकची गरज पडत नाही. जॅक वापरल्यास गाडी मजबूत स्टँडवर टेकवावी. केवळ जॅक, दगड किंवा विटा यांच्या आधारावर असलेल्या गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. काळ्या मातीत जॅक खचतो.

३. भरण्याचा नट प्रथम उघडला जातो. तो गंजून अडकलेला असल्यास आणि तेल आधीच काढून टाकले असल्यास गाडी जागेवरच अडकून पडते.

४. त्यानंतर खालचा नट उघडून तेल भांड्यात घेतले जाते. तो नसल्यास पिचकारीने तेल ओढून काढतात किंवा, रचना तशी असल्यास, मागील झाकण उघडतात.

५. नटावरील चुंबक पुसून, वायसर बदलून खालचा नट घट्ट केला जातो.

६. भरण्याच्या छिद्रातून तेल ओघळू लागेपर्यंत नवे तेल भरले जाते. या वेळी गाडी सपाट असणे आवश्यक आहे. केवळ मागची बाजू उचललेली असल्यास पातळी चुकते.

७. ब्रीदर साफ करून, थोडे अंतर गाडी चालवून गळती तपासली जाते.

आतील भाग डिझेलने धुण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. परंतु मागे राहिलेले डिझेल नवे तेल पातळ करते. प्रमाणाबाहेर भरलेले तेल सीलमधून मागील ब्रेकड्रममध्ये उतरू शकते व ब्रेक निकामी होऊ शकतात.

जुन्या तेलावरून निदान

चुंबकावरील राखाडी, मऊ लेप ही सर्वसाधारण झीज होय. बोटांना टोचणारा कीस, पापुद्रे किंवा दातांचे तुकडे आढळल्यास केवळ तेल बदलून भागत नाही. हाउसिंग उघडून तपासणी करावी लागते. पांढरट तेल पाण्याचे, तर करपट वास अतितापाचे लक्षण आहे. वेगानुसार बदलणारा घुमल्यासारखा आवाज क्राउन-पिनियन अथवा बेअरिंगच्या झिजेमुळे येऊ शकतो. क्राउन व पिनियन जोडीनेच बदलावे लागतात, त्यामुळे ही दुरुस्ती तेलाच्या किमतीच्या मानाने फार खर्चिक ठरते.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

ग्रामीण भागात जुने तेल वाळवी लागू नये म्हणून लाकडास लावण्याची किंवा बांधावर ओतण्याची प्रथा आढळते. असे तेल जमिनीत मुरून विहीर व कूपनलिकेचे पाणी दूषित करू शकते. भारतात वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते व त्यास २०१६ चे घातक व इतर कचरा व्यवस्थापन नियम लागू होतात. ते झाकणबंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठवणाऱ्या गॅरेजमध्ये देणे योग्य ठरते.

हे सुद्धा पहा

• वंगण
• गिअरबॉक्स
• बैलगाडी
• रेणापूर तालुका