उद्योगशिक्षण आणि आपला कर्जत-खालापूर परिसर

आपल्या ज्ञातीत शिक्षणाचा प्रसार झाला, ही गोष्ट आता सिद्ध करून दाखविण्याची आवश्यकता राहिलेली नाही. ह्या स्मरणिकेत दरवर्षी वाढत जाणारी गुणवंतांची छायाचित्रेच त्याची साक्ष देतात. परंतु ह्या शिक्षणाने मुलांच्या हाताला काम किती दिले, असा प्रश्न केला, तर पोशीर, कळंब, नेरळ ह्या बाजूच्या घरांतून येणारे उत्तर समाधानकारक नाही. पदवी घेतलेला मुलगा पहाटे नेरळला गाडी पकडतो आणि कल्याण-ठाण्याकडे अशा कामावर जातो, की ज्यास पदवीचे प्रयोजनच नसते. हा दोष मुलांचा आहे असे आम्हांस वाटत नाही. त्याची मुळे जुनी आहेत.

मोठी कामे आपल्या दोन तालुक्यांना कधीच अपरिचित नव्हती. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि त्याच वर्षी बोरघाटाचे काम सुरू झाले. सदतीस फुटांस एक फूट असा चढ, पंचवीस बोगदे, आणि १८६१ च्या सुमारास कामावरील माणसे बेचाळीस हजारांवर! १८६३ साली घाट खुला झाला. आखणी करणारे अभियंते इंग्लंडहून आले, मजूर दूरदूरच्या जिल्ह्यांतून टोळ्यांनी आले. पुढे १९०७ साली पीरभॉय कुटुंबाने नेरळहून माथेरानला छोटी गाडी नेली. १९१५ साली खोपोलीस टाटांचे जलविद्युत्केंद्र सुरू झाले, आणि १९२२ साली आपल्याच तालुक्यात भिवपुरी येथे दुसरे. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेले पाणी पोलादी नळांतून खाली आणावयाचे, त्याने चक्र फिरवावयाचे आणि निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवावयाची, अशी ही योजना. भिवपुरीची वीज आपल्या शेतांवरून मुंबईस गेली. आपल्या घरांत दिवा लागण्यास मात्र कित्येक दशके जावी लागली.

अशी यंत्रे दाराशी असता आपल्या मुलांना शाळेत काय शिकविले जात होते? वाचन, लेखन, अंकगणित आणि पाठांतर. ज्याची ऐपत असे तो इंग्रजी शाळेत जाई, मॅट्रिक होई आणि कारकुनी किंवा मास्तरकी पत्करी. त्या काळी ती मानाची जागा होती, आणि मॅट्रिकवरच आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांनी तिची निंदा करणे शोभणार नाही. परंतु खुर्च्या थोड्या आणि उमेदवार फार, ही स्थिती फार लवकर ओळखणारा एक पुरुष महाराष्ट्रात होऊन गेला. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांत मोडी, बालबोध व हिशेब यांच्या जोडीने शेतीचे मूलज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत असे सांगितले. सुशिक्षितांनी सरकारी नोकरीच्या मागे न लागता उपयुक्त व किफायतशीर धंद्यांत शिरावे, अशी इच्छाही त्यांनी त्यात व्यक्त केली. त्या निवेदनाला आता सुमारे दीडशे वर्षे होत आली!

त्यानंतर प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. १८९० साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यास कलाभवन स्थापिले आणि त्याचे चालक त्रिभुवनदास गज्जर यांनी देशी भाषांतून शास्त्र शिकविण्याचा आग्रह धरला. स्वातंत्र्यानंतर १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना आली, तिच्यातून आजच्या आयटीआय वाढल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. सोयी झाल्या, पण आपल्या घरांची दृष्टी बदलली नाही. मुलगा आयटीआयला गेला म्हणजे दहावीला गुण कमी पडले असणार, असेच अजून धरले जाते. फिटर किंवा वायरमन झालेल्या मुलाचे स्थळ सांगताना घरची मंडळी आवाज उतरवितात, हे आम्ही अनेकदा ऐकले आहे.

ह्या दृष्टीने घाटापलीकडचे एक उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ ह्या कोरडवाहू गावी १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मुंबईत हिंदुस्थान लीव्हर कंपनीच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून हे गृहस्थ सपत्नीक तेथे जाऊन राहिले. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातून एक दिवस हाताने काम करावे, असा त्यांचा परिपाठ. लोखंड जोडणे, वीटबांधकाम, विजेची जोडणी, माती तपासणे, रोपवाटिका, खाद्यपदार्थ तयार करणे; आणि हे सर्व केवळ सरावासाठी नव्हे, तर गावकऱ्यांची खरी कामे पैसे घेऊन करावयाची. दार वाकडे बसले तर गिऱ्हाईक बोलणारच, आणि भूमितीतला काटकोन तेव्हा चांगला समजतो. शाळेत मागे पडणारी कित्येक मुले अशा कामात पुढे असतात, हा वर्गात उभे राहिलेल्या कोणाही शिक्षकाचा अनुभव आहे. पुढे हा अभ्यासक्रम राज्याच्या माध्यमिक शाळांतही एक विषय म्हणून मान्य झाला. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. संस्थेचे कार्य त्यांच्यामागेही चालू राहिले.

हा इतिहास सांगण्याचे कारण निकटचे आहे. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने पोशीर नदीवरील धरणास मान्यता दिली. त्याचे पाणी मुंबई महानगर प्रदेशास पुरवावयाचे आहे. ज्यांच्या जमिनी जातील त्यांचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि तो लहान नाही. परंतु धरणाच्या कामास भूमापन करणारे, यंत्रे चालविणारे व दुरुस्त करणारे, वेल्डर, वीजतंत्री, काँक्रीटची प्रत तपासणारे असे कितीतरी लोक लागतात. त्यांत आपली मुले असणार, की बोरघाटाप्रमाणे जाणकार बाहेरून येणार आणि आपली मुले रखवालदार होणार? अशी माणसे एका उन्हाळ्यात तयार होत नाहीत. त्यास दोन-तीन वर्षे लागतात.

तेव्हा येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही दोन सूचना ठेवीत आहोत. शिष्यवृत्तीच्या रकमेपैकी निम्मी रक्कम आयटीआय, पदविका व शिकाऊ उमेदवारी करणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवावी, आणि तीतून फीबरोबर हत्यारांची पेटीही द्यावी. दुसरी सूचना खर्चाची नाही. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत गुणवंतांच्या पानावर त्या मुलांची छायाचित्रे टक्केवारीवाल्यांच्या शेजारी, त्याच आकारात छापावीत.