पहिल्या वर्षी परतलेला विद्यार्थी : मुंबई विद्यापीठाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

मुंबई विद्यापीठाच्या इतिहासाचा प्रारंभ आपले अभ्यासक बहुधा १८६२ मधील पहिल्या पदवीधरांपासून करतात. रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक ही चार नावे त्यामुळे सर्वपरिचित झाली आहेत. हा प्रारंभ अयोग्य नव्हे. तथापि त्यामुळे सारा इतिहास पैलतीरी पोहोचलेल्यांचा होऊन बसतो. महाविद्यालयात नाव घातले, परंतु पहिले वर्षही पुरे होण्यापूर्वी जे गावी परतले, ते विद्यापीठाच्या उत्तीर्णांच्या याद्यांत सापडावयाचे नाहीत. हा परतलेला विद्यार्थी आणि त्याला परतावे लागू नये म्हणून झालेली व्यवस्था, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१८५७ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले होते. परीक्षा घेणे, पदव्या देणे आणि महाविद्यालयांना संलग्नता देणे हे त्याचे कार्य. मॅट्रिकची परीक्षा उतरलेला विद्यार्थी महाविद्यालयाला पात्र, असे एकदा ठरले की पुढची जबाबदारी त्याची त्याने पाहावयाची. शाळेत शिक्षक धडा घोकून घेत. महाविद्यालयात प्राध्यापक इंग्रजीत व्याख्यान देत, आणि त्याचे टिपण कसे करावे हे शिकविणे कोणाच्याच कर्तव्यात मोडत नसे.

या अंतराचे सर्वांत बोलके उदाहरण मोहनदास करमचंद गांधी यांचे आहे. १८८७ च्या अखेरीस ते मॅट्रिक झाले आणि मुंबईपेक्षा खर्च कमी म्हणून १८८८ मध्ये भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय १८८५ मध्ये निघालेले आणि मुंबई विद्यापीठाशीच संलग्न. आत्मकथेत त्यांनी नमूद केले आहे की तेथे त्यांना सर्वच अवघड वाटे. व्याख्याने समजत नसत, मग त्यांत गोडी कोठून वाटणार? दोष प्राध्यापकांचा नव्हता, आपणच कच्चे होतो, असेही ते म्हणतात. पहिले सत्र संपताच ते घरी परतले.

हा कबुलीजबाब प्रामाणिक आहे, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तो जसाच्या तसा स्वीकारू नये. ज्याला विद्यापीठाने स्वतःच पात्र ठरविले, तो काही महिन्यांत कच्चा कसा ठरला? पुढची हकीकत याहून उद्बोधक आहे. लंडनमध्ये याच विद्यार्थ्याने तेथील विद्यापीठाच्या मॅट्रिकसाठी खाजगी वर्गात नाव घातले, दिवसाचे काटेकोर वेळापत्रक आखले, प्रथम लॅटिनमध्ये नापास झाला आणि १८९० मध्ये पुन्हा बसून उतरला. बुद्धी तीच होती. भोवतालची व्यवस्था बदलली होती. ज्या विद्यापीठाचा नमुना मुंबईने उचलला, त्याच्या परीक्षेभोवती लंडन शहरात तयारी करून घेणारे खाजगी वर्ग उभे होते. नमुना उचलताना परीक्षा आली, तिच्या भोवतीची ही मदत आली नाही.

याच्या शेजारी टिळकांचे पहिले वर्ष ठेवून पाहण्याजोगे आहे. १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी ते वर्ष प्रकृती सुधारण्यात, तालीम व पोहण्यात घालविले आणि परीक्षेत ते नापास झाले. चरित्रकार ही गोष्ट कौतुकाने सांगतात. परंतु वर्ष गमावण्याची ऐपत सर्वांनाच नसते. टिळकांच्या वडिलांनी शिक्षणापुरती तरतूद मागे ठेवली होती आणि येरवड्याच्या त्या नव्या वास्तूत राहावयास खोली होती. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याचे एक वर्ष बुडाले, तर पुढच्या वर्षी त्याला वार देणारी घरे भेटतीलच, याची शाश्वती कोणी द्यावी?

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर प्रथम शोधले गेले ते वर्गात नव्हे, तर वसतिगृहात. शाहू छत्रपतींनी १९०१ मध्ये कोल्हापुरास व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढील वर्षांत निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे तेथे उभी राहिली. जातवार वसतिगृहांवर पुष्कळ टीका झाली आहे, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु कुटुंबात ज्याच्या आधी कोणी पुस्तक हाती धरले नव्हते, अशा मुलाला शहरात प्रथम अंथरूण, जेवण आणि आपल्यापुढे एक-दोन वर्षे असलेला सोबती मिळाला तो येथेच. संलग्नतेसाठी विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय पाहण्याची अट कायद्याने घातली ती त्यानंतर, १९०४ मध्ये.

भाऊराव पाटील यांचा विचार याही पुढे गेला. १९२४ मध्ये साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत व स्वतःच रांधीत. १९४७ मध्ये तेथेच छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा श्रम करून शिकण्याची तीच रीत महाविद्यालयात आली. येथे आधी वसतिगृह आणि मग महाविद्यालय असा क्रम आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. डॉ. आंबेडकरांनीही १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह काढण्यापासून आरंभ केला. १९४६ च्या सिद्धार्थ महाविद्यालयात सकाळचे वर्ग ठेवले गेले, ते नोकरी करणाऱ्यांसाठी. विद्यार्थ्याने महाविद्यालयाशी जुळवून घ्यावे, हा शिरस्ता येथे प्रथमच उलटा झाला.

स्वातंत्र्यानंतर अडचणीचे स्वरूप पालटले. माध्यमिक शिक्षण मराठीतून होऊ लागले, परंतु बऱ्याच महाविद्यालयीन विषयांचे, विशेषतः विज्ञानाचे, अध्यापन इंग्रजीतूनच राहिले. त्यामुळे गांधींना जाणवलेली दरी हजारोंच्या वाट्याला आली. १९७५ मध्ये दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयाची व्यवस्था आली आणि उंबरठा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपर्यंत खाली सरकला.

२०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नवागतांसाठी ‘दीक्षारंभ’ हा कार्यक्रम सुचविला. प्रश्न विद्यापीठीय पातळीवर मान्य झाला, हे स्वागतार्ह होय. मात्र जेथे ही योजना पहिल्या काही दिवसांच्या समारंभापुरती उरते, तेथे तिचा उपयोग मर्यादितच राहणार. भावनगरचा विद्यार्थी पहिल्या दिवशी परतला नव्हता. तो सबंध सत्र बसून होता.

या विषयाची साधने अद्याप पुष्कळशी अस्पर्श आहेत. जुन्या महाविद्यालयांची प्रवेशपुस्तके, फीच्या वह्या आणि बोर्डिंगांचे जमाखर्च विद्यापीठाच्या याद्यांशी ताडून पाहिले पाहिजेत. प्रवेशपुस्तकात नाव आहे, पहिल्या सत्राची फी जमा आहे, परंतु परीक्षेच्या यादीत नाव नाही, असा विद्यार्थी कोणत्या शाळेतून आला होता आणि गावात कोठे राहत होता, एवढ्या नोंदींपासून कोणाही संशोधकाला कामास आरंभ करता येईल.