पंतोजींची प्राप्ति

पेशवाई बुडाल्यानंतर तीनच वर्षांनीं, इ. स. १८२१ त, मुंबई सरकारच्या कौन्सिलांतील सभासद प्रेंडरगास्ट यांनीं असें लिहून ठेविलें कीं, आपल्या मुलखांत शाळा नाहीं असें गांव क्वचितच आढळेल, आणि पालकांच्या ऐपतीप्रमाणें पंतोजीस ओंजळ-दोन ओंजळी धान्यापासून फार तर महिना रुपयापर्यंत मिळतें. ही पद्धति किती काटकसरीची, याचें त्यांस मोठें कौतुक वाटलें. जुन्या विद्येच्या गौरवार्थ हा उतारा वारंवार पुढें करण्यांत येतो. आमच्या मतें तो पंतोजीच्या बाजूनेंही एकवार वाचला पाहिजे.

इ. स. १८२९ च्या सरकारी चौकशींत मुंबई इलाख्यांत १,७०५ शाळा व सुमारें ३५ हजार विद्यार्थी भरले. म्हणजे शाळेमागें सरासरी २० मुलें. यांपैकीं पुरता रुपया देणारीं घरें गांवांत किती असणार? बाकीच्यांच्या ओंजळींवर कुटुंब चालणें कठीण. म्हणून सणावारचा शिधा आणि मुंजीलग्नांतील देणगी यांची जोड लागे. पीक बुडालें कीं ओंजळही आटे. (सरकारी कागदांत पंतोजीची ओढाताणसुद्धां काटकसर म्हणूनच नोंदली जाते!) परंतु हाही न्याय केला पाहिजे कीं, धूळपाटीवर अक्षर केव्हां गिरवावें, मोडी केव्हां सुरू करावी, पावकी-निमकी कोणीं म्हणावी, हें ठरविण्यास पंतोजीस वरिष्ठ कोणी नव्हता.

इ. स. १८२६ त मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीनें तयार केलेले २४ शिक्षक बाहेरगांवीं शाळा घालण्यास निघाले. त्यांच्या हातीं छापील पुस्तकें होतीं व पदरीं ठराविक वेतन होतें. इ. स. १८५५ त विद्याखातें निघाल्यावर हजेरीपट, तपासनीस, परीक्षा व बदली हीं मागोमाग आलीं. पगार रोकड झाला, पण गांव सुटलें. पुढें इ. स. १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या आणि १९६२ त जिल्हा परिषदांच्या हातीं गेल्या. धनी बदलले, हजेरीपट राहिला.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, घरगुती जमाखर्चाच्या मोडी फर्दांत पंतोजीच्या नांवें शेर-पायलीची नोंद दिसल्यास तो कागद रद्दींत टाकूं नये. त्याची तिथि, गांव व माप टिपून घ्यावें. प्रेंडरगास्टांची ओंजळ प्रत्यक्षांत किती शेरांची होती, हें पडताळून पाहण्यास असेच कागद उपयोगी पडतील.