प्रगतिपुस्तकातील आकड्यांची कुळकथा

वर्षातून दोनदा प्रगतिपुस्तक घराघरांत येते. पालकांची नजर प्रथम शेकडेवारीवर जाते, मग लाल शाईने अधोरेखिलेल्या विषयावर. घरात थोडा आनंद वा थोडी आदळआपट होते, सही होते आणि पुस्तक शाळेत परत जाते. या आकड्यांचा जन्म कशासाठी झाला आणि त्यांनी आजवर कोणाकोणाची चाकरी केली, याचा शोध घेतला तर सही करण्यापूर्वी काय वाचावे हेही उमगते. म्हणून या लेखात त्यांच्या कुळकथेकडे वळण्याचे आम्ही योजिले आहे.

ही कथा आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाला स्पर्श करून जाते. येशूसंघाचे महाधिपती क्लॉडिओ अक्वाविवा यांच्या कारकिर्दीत, १५९९ साली, संघाच्या शाळांसाठी 'रात्सिओ स्टुडिओरुम' ही अध्ययनसंहिता सिद्ध झाली. वार्षिक परीक्षेपूर्वी शिक्षकाने विद्यार्थ्यांची यादी करून ती विद्यालयाच्या अध्ययनप्रमुखाकडे द्यावी, असा तीत नियम आहे. विद्यार्थ्यांच्या सहा श्रेणी सांगितल्या आहेत: उत्तम, चांगले, मध्यम, संशयित, त्याच वर्गात ठेवावयाचे आणि शाळेतून काढावयाचे. या श्रेणी १ ते ६ या अंकांनी दर्शवाव्यात, अशी मुभाही आहे. तेथे १ हा सर्वोत्तम, आणि ६ म्हणजे घरची वाट! या अंकाला विचारलेला प्रश्न एकच होता: हा मुलगा वरच्या वर्गात बसू शकेल काय? शिवाय ज्याच्याविषयी शंका असेल त्याचे रोजचे लेखन तपासावे, त्याचे वय, त्या वर्गात घालविलेला काळ, बुद्धी व परिश्रम हेही ध्यानात घ्यावे, असे ही संहिता बजावते. एका दिवसाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचे भवितव्य टांगू नये, ही जाण चारशे वर्षांपूर्वीची आहे.

आपल्या प्रांतात आकड्यांचे राज्य आले ते वेगळ्या दारातून. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरील हे विद्यापीठ आरंभी मुख्यत्वे परीक्षा घेणारी संस्था होते. १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. त्या पहिल्या उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे होते. येथे प्रश्न बदलला: विद्यापीठात कोणाला घ्यावे? पुढे सरकारी नोकरीच्या उमेदवारालाही मॅट्रिकचा दाखला विचारला जाऊ लागला. मुलाला ओळखणाऱ्या शिक्षकाच्या हातून निर्णय सुटून तो अनोळखी परीक्षकाच्या हाती गेला. या बदलाने न्याय आला; कारण वशिल्याला थोडा आळा बसला. पण मुलाची ओळख मात्र आकड्यात आक्रसली.

स्वातंत्र्यानंतर जाणत्यांनी ही उणीव हेरली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने गुणांऐवजी श्रेणी द्यावी आणि शाळेने प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद वर्षभर ठेवावी, अशी शिफारस केली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेही शाळेतील अंतर्गत मूल्यमापनावर भर दिला. व्यवहारात मात्र परीक्षेचाच वरचष्मा राहिला. १९६६ साली महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आले. १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि वडीलधाऱ्यांची 'अकरावी मॅट्रिक' इतिहासजमा झाली. पस्तीसला उत्तीर्ण, पंचेचाळीसला द्वितीय श्रेणी, साठला प्रथम आणि पंच्याहत्तरला विशेष प्रावीण्य, या पायऱ्या घरोघर पाठ झाल्या.

शिक्षणहक्क कायद्यानंतर, २०१० साली, महाराष्ट्रात आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रगतिपुस्तकात अ-१, अ-२, ब-१ अशी अक्षरे उमटली. ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१. येथे पालकांनी एक गोष्ट ओळखावी. ८० आणि ८१ यांत एकाच गुणाचे अंतर, पण श्रेणी निराळी. ७१ आणि ८० यांत नऊ गुणांचे अंतर, पण श्रेणी एकच. श्रेणी ही जाड टोकाची लेखणी आहे. तिने बारीक रेघा ओढता येत नाहीत. अक्षरांची सवय झालेले मूल नववीत आले की पुन्हा गुणांना सामोरे जाते. तेथे पालक दचकतात; पण अशा वेळी पुष्कळदा मुलाआधी मापच बदललेले असते.

माप बदलले की काय होते, याचा धडा अगदी अलीकडचा आहे. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढील वर्षी भाषाविषयांची २० गुणांची तोंडी परीक्षा काढून संपूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा आली, आणि २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. २०२० साली ते २० गुण परत आले, महामारीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला, निकाल ९५.३० टक्के. २०२१ साली लेखी परीक्षाच झाली नाही, शाळेतील मूल्यमापनावर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. चार वर्षांत महाराष्ट्राची मुले आधी मंद आणि मग प्रज्ञावंत झाली, असे कोणी म्हणणार नाही. तरीही २०१९ च्या कित्येक मुलांना आदल्या वर्षीच्या भावंडांशी तुलना सोसावी लागली असेल. दोन निराळ्या मापांनी मोजलेल्या भावंडांची तुलना करणे हा अन्याय आहे आणि तो घरातच घडतो.

तेव्हा प्रगतिपुस्तक हाती आले की एकूण शेकडेवारी क्षणभर हाताने झाकावी. प्रथम उपस्थिती पाहावी. गैरहजेरी वाढली असेल तर गुणांचे कारण पुष्कळदा तेथेच सापडते. मग प्रत्येक विषयाचे लेखी आणि तोंडी वा अंतर्गत गुण वेगवेगळे वाचावेत. तोंडीत चांगले आणि लेखीत कमी असतील तर मुलाला विषय समजतो, पण लिहिण्याचा सराव अपुरा आहे, असा बहुधा अर्थ होतो. त्यानंतर याच मुलाच्या मागील सत्राशी तुलना करावी, शेजाऱ्याच्या मुलाशी नव्हे. शेवटी शिक्षकांचा शेरा वाचावा. तो त्रोटक वा साचेबंद असेल तर शाळेत जाऊन नम्रपणे विचारावे: आमच्या मुलाला नेमके काय येत नाही? मराठीचे 'लेखन' की 'आकलन'? गणितातील रीत की आकडेमोड?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. त्यात शिक्षकांबरोबर विद्यार्थ्याने स्वतःचे आणि सहाध्यायांनी एकमेकांचे मूल्यमापन करावे, असे अपेक्षित आहे. रकाने वाढतील, रंग बदलतील. पण १५९९ सालच्या त्या यादीत संशयिताचे रोजचे लेखन उघडून पाहण्याची जी तसदी घेतली जात असे, ती कोणताही कागद आपल्या वतीने घेणार नाही. सही करण्यापूर्वी मुलाची वही मागून घ्यावी, त्याला शेजारी बसवावे आणि त्याच्याकडूनच ती वाचून घ्यावी.