पाटल्या, मोरारजीभाई आणि ४७ टन

माझ्या आजीच्या पिढीतल्या बायकांसमोर मोरारजी देसाईंचं नाव काढायची सोय नव्हती. कारण एकच. चौदा कॅरट!

१९६२ च्या शेवटी चीनशी युद्ध झालं, तेव्हा बायकांनी आपणहून अंगावरचे दागिने उतरवून संरक्षण निधीला दिले. आणि लगोलग जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजीभाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. यापुढे नवा दागिना १४ कॅरटच्या वर घडवायचा नाही. म्हणजे २४ भागांत सोनं १४ भाग, बाकी तांबं-चांदी. त्यांचा हिशेब तसा सरळ होता. देशात सोनं निघतं नाममात्र, उरलेलं चोरून येतं आणि त्यापायी परकीय चलन जातं. तेव्हा लोकांनी सोन्याचा नाद सोडावा. दागिना ही चैन, गरज नव्हे.

लोकांनी नाद काही सोडला नाही. हाल झाले ते सोनारांचे. हजारोंचं काम गेलं, काहींनी जीव दिला. १९६६ मध्ये १४ कॅरटची अट उठली, पण १९६८ मध्ये रीतसर कायदाच आला आणि लगडी-बिस्किटं घरात ठेवायला बंदी झाली. दुबईची बिस्किटं गलबतांतून मुंबईच्या किनाऱ्याला लागतच राहिली. शेवटी १९९० मध्ये कायदा रद्द झाला.

आणि पुढच्याच वर्षाची गंमत बघा. १९९१ मध्ये देशाकडे जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं. मग सरकारने काय केलं? आधी स्मगलरांकडून जप्त केलेलं २० टन सोनं, परत विकत घेण्याच्या बोलीवर, एका स्विस बँकेला विकलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोनं तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले. थोडक्यात, अडचण आल्यावर कुठलीही बाई करते तेच. डबा उघडला आणि सराफाची पायरी चढली!

आमच्या आईनेही तेच केलं होतं. भावाच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी तिच्या चार तोळ्यांच्या पाटल्या दोनदा गहाण पडल्या आणि दोनदा सुटल्या. जुन्या कायद्यात जमीनजुमल्यावर बाईची पुरी मालकी अशी जवळपास नव्हतीच. ती पक्की झाली १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ उजाडलं आणि देशभर २००५. तोवर बाईचं हक्काचं म्हणावं असं काय, तर स्त्रीधन. मोरारजीभाईंच्या हिशेबाच्या वहीत हा रकानाच नव्हता. ज्याला ते चैन म्हणत होते, ती आईची बँक होती.

हे सगळं आत्ता डोक्यात घोळतंय, कारण निवृत्तीनंतर मला पाटल्या करायच्या आहेत. चार तोळ्यांच्या, आईसारख्या. २०२५ मध्ये दहा ग्रॅमच्या भावाने लाखाचा आकडा ओलांडला, वर घडणावळ, वर तीन टक्के जीएसटी. हे म्हणतात, "गरज काय?" बहीण म्हणते, "अगं, गुंतवणूक म्हणून घे, म्हणजे कुणी काही बोलणार नाही."

पण मला हा गुंतवणुकीचा पदर पांघरायचा नाही. दागिना मोडायला नेला की घडणावळ पाण्यात जाते. नुसती गुंतवणूक हवी असेल तर वळं घ्यावं, नक्षी कशाला? आणि मुख्य म्हणजे मी या पाटल्या कधीच मोडणार नाही, हे मला आजच माहीत आहे. आईची गोष्ट वेगळी होती. तिच्या नावावर ना खातं, ना पेन्शन. म्हणून तिच्या पाटल्यांना वजन लागायचं. फी भागायची ती त्या वजनावर, नक्षीवर नाही.

माझ्या अडीनडीला माझी पेन्शन आहे, एफडी आहे. मग माझ्या पाटल्या म्हणजे निव्वळ हौस, मोरारजीभाई म्हणायचे तशीच चैन! एकदा हे कबूल केलं की हिशेब सोपा होतो. मनगटावर दोन तोळ्यांच्या पाटल्या चार तोळ्यांच्या पाटल्यांइतक्याच शोभतात. ज्या मोडायच्याच नाहीत, त्यांचं वजन वाढवून करायचं काय?

तेव्हा ठरलं. पाटल्या घ्यायच्या, पण दोनच तोळ्यांच्या. उरलेले पैसे बँकेतच राहतील. ह्यांनी लगेच मान डोलावली. चार तोळ्यांच्या धास्तीपुढे दोन तोळे स्वस्त वाटले असावेत... असो!